ताराबाईंचे दुसरे पुस्तक

घुग्घुसमध्ये शिवी बहुतेक हिंदीत येते आणि सल्ला मराठीत. वर्धा नदीकाठचे हे गाव कोळशावर, सिमेंटवर आणि लोखंडावर वाढले. वेकोलि या कोळसा कंपनीच्या वसाहतीत तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी आणि आमची वऱ्हाडी-झाडी मिसळलेली मराठी एका नळावर भांडत आली. हातात मोबाइल आल्यापासून ती एका ग्रुपवर भांडते. या लेखसंग्रहाच्या प्रस्तावनेची सुरुवात मी पुस्तकापासून करायला हवी होती, पण पुस्तक वाचताना मला सतत एक फोटो आठवत राहिला, म्हणून आधी तो.

एका संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला आम्ही तीन विधवा शेजारणींना बोलावले, कुंकू लावले, वाण दिले. फोटो काढला आणि तिघींना विचारून मी तो फेसबुकवर टाकला. पहिला अर्धा तास फुले आणि जोडलेले हात. मग देवाचा डीपी लावलेल्या एका खात्यावरून विचारणा झाली, की नवरा जिवंत असताना बाईला असले धंदे सुचतात कसे. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. रात्री अकराच्या सुमारास इनबॉक्समध्ये एक वाक्य आले: सकाळी बँकेत हिरव्या साडीत छान दिसत होत्या. त्यात ना शिवी होती ना धमकी, पण झोप गेली ती त्याच वाक्याने. सकाळी दिराचा फोन, “वहिनी, काढून टाका ना तो फोटो. कायले पाह्यजे ह्या भानगडी?” मी काढला. चार दिवसांनी त्या तिघींपैकी एक नळावर भेटली. “ताई, फोटो काऊन काढला? माह्या पोरीले दाखवाचा होता.”

टाकताना मी तिला विचारले होते. काढताना विचारले नव्हते.

समाजमाध्यमांवरचा बायकांचा छळ हा विषय आपल्याकडे पोलिसांच्या कपाटात ठेवलेला असतो, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे संविधानाच्या कलम १९ बरोबर वकिलांच्या कपाटात. एकावर ‘काळजी घ्या’ असे लिहिलेले, दुसऱ्यावर ‘वादग्रस्त’. या संग्रहाच्या संपादिकांनी दोन्ही कपाटे एकत्र उघडली, ही त्यांची मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट. कारण माझ्या फोटोच्या बाबतीत गुन्हा कोणता आणि स्वातंत्र्य कोणते, हे वेगळे काढताच येत नाही. गुन्हा झाला असेल तर तो हिरव्या साडीच्या वाक्यात झाला, पण फोटो काढला मी, आणि तोही मायेच्या माणसाच्या सांगण्यावरून.

नव्या यंत्राने आणलेले नवे संकट, अशी या विषयाची मांडणी वर्तमानपत्रे करतात. ती मला पटत नाही. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली. शिक्षा पुढे कमी झाली, पण तेवढ्यात ‘पुणे वैभव’ या पत्राने या एका प्रकरणावरून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवून घेतला. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, बुलढाण्यात, एका बाईने ते वाचले. ताराबाई शिंदे. त्यांनी १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापवून घेतली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बायकांवर ठेवलेला एकेक आरोप उचलायचा आणि तोच पुरुषाच्या अंगाला लावून पाहायचा, अशी त्या पुस्तकाची रीत. सभ्यतेची मर्यादा त्यांनी पाळली नाही, आणि ज्यांनी आधी ती ओलांडली होती त्यांना नेमके तेच झोंबले. टीका परक्यांनी केली, तशी सुधारकांच्या गोटातूनही झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली.

त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापले, म्हणजे मधे ९३ वर्षे गेली. बाईला गप्प केल्याचा पंचनामा होत नाही. शिवी कागदावर राहते, स्क्रीनशॉटमध्ये राहते. जे लिहायचेच राहून गेले ते कुठल्या पुराव्यात दाखल करणार? म्हणून मला वाटते, या विषयातले नुकसान मोजायचे असेल तर किती शिव्या आल्या यापेक्षा किती दुसरी पुस्तके आली नाहीत हे मोजावे लागेल. (सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणाची गोष्ट मी येथे मुद्दाम सांगत नाही. दर ३ जानेवारीला ती इतक्या जणांच्या भाषणात येते, की त्यांतले काही जण रात्री कोणाच्या इनबॉक्समध्ये असतात असा प्रश्न मला पडतो.)

ज्यांनी लिहिणे सोडले नाही त्यांतल्या कितीतरी जणींनी बुरखा घेतला. रखमाबाईंनी १८८५ मध्ये बालविवाहाविरुद्ध ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने. त्याच वेळी नांदायला जाण्यावरून त्यांच्यावर खटला चालू होता, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले ते विभावरी शिरूरकर या नावाने. आत कोण आहे याचा शोध घेण्यातच मराठी वाचकांनी बराच काळ घालवला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. हा इतिहास माहीत असला की ‘सगळी खाती आधारला जोडा, खोटे नाव बंद करा’ ही सोपी मागणी तितकी सोपी राहत नाही. देवाचा डीपी लावणाऱ्याला खोटे नाव लागते हे खरे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिणाऱ्या बाईलाही ते लागते. या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक लेखिकांनी आपली नावे बदलून घेतली आहेत.

आमच्या जिल्ह्याने या विषयाला आणखी एक धडा दिला आहे, आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. देसाईगंज चंद्रपुरात होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिचा शरीरसंबंध आधीही आलेला होता, हे मुद्दे निकालात वजनदार ठरले. तो खटला जगभर तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव येथे लिहीत नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापायला बंदी आली ती त्या दुरुस्तीत. वसुधाताई या विदर्भात जन्मलेल्या बंडखोर कादंबरीकार गीता साने यांची मुलगी. आईच्या कादंबऱ्या मराठीने अडगळीत टाकल्या, मुलीच्या सहीचे पत्र मात्र टाकता आले नाही.

या खटल्याची समाजमाध्यमांशी सांगड मी का घालते? आज कोणत्याही बाईच्या पोस्टखाली जाऊन पाहा. ती काय म्हणते याला उत्तर नसले की ती कशी आहे हा मुद्दा निघतो. रस्त्याबद्दल लिहा, पगाराबद्दल लिहा, देवळाबद्दल लिहा, फिरून फिरून गाडी तिच्या चारित्र्यावर येते. देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर जो मुद्दा चालून गेला, तो कमेंट लिहिणाऱ्याला आपणच शोधून काढला असे वाटते.

आता यंत्राकडे. पडद्यावर फक्त अक्षरे होती, ना चित्र ना आवाज, तेव्हाही हा छळ सुरू झालेला होता. अमेरिकेत लॅम्डामू नावाच्या शब्दांच्या आभासी घरात एका माणसाने इतरांच्या पात्रांवर अत्याचार लिहून दाखवले; ज्युलियन डिबेल यांनी १९९३ मध्ये त्यावर लिहिलेला लेख या विषयाचा आरंभ मानला जातो. ‘नुसते शब्दच तर आहेत’ हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. २००४ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने एका घटस्फोटित बाईच्या नावाने घाणेरडे संदेश पसरवणाऱ्याला शिक्षा दिली, तीही काही महिन्यांत. महाराष्ट्रात ऑनलाइन पाठलागाबद्दल शिक्षा व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात, २००९ पासून, ‘आक्षेपार्ह’ मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम ६६-अ लागू झाले, आणि पुष्कळांना वाटले की आता बायकांना संरक्षण मिळाले.

ते संरक्षण कसे होते ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दिसले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केले. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे गुन्हा मागे घ्यावा लागला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केले. जमाव आणि ठाणे एकाच दिवशी एकाच मुलीच्या दारात उभे राहिले, हे या घटनेतले सर्वात शिकण्यासारखे. बाईच्या रक्षणासाठी मागितलेला कायदा बाईच्या तोंडावर सर्वात आधी बसतो. कलम गेले म्हणून सवय गेली असेही नाही: मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या एका पोस्टसाठी अभिनेत्री केतकी चितळे सुमारे ४० दिवस कोठडीत होती. ती पोस्ट कोणाला पटो न पटो. चार ओळींना ४० दिवस हा हिशेब मला मान्य नाही.

या विषयात काम करणाऱ्यांचे ढोबळ प्रवाह आहेत. नवख्या वाचकाला ते ठाऊक असलेले बरे, नाहीतर पुढचे लेख एकमेकांशी भांडताहेत असे वाटेल. तसे ते भांडतातही.

सर्वात जुना प्रवाह विनयभंगाचा. १८६० च्या दंडसंहितेने बाईचा ‘विनय’ जपायचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो शब्द कलम ७९ मध्ये तसाच बसला आहे. कायदा विचारतो, तिच्या विनयाला धक्का लागला का? ती काय बोलत होती आणि तिचे बोलणे कोणी तोडले, हे त्याच्या प्रश्नपत्रिकेत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने मात्र एक नवी समज आणली: पाठलाग हा गुन्हा ठरला, आणि बाईच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणेही त्यात आले. आज ते कलम ७८ आहे. त्यातही मेख आहेच. बाईने नको म्हटल्याचे स्पष्ट असावे आणि तरीही तो पुन्हा पुन्हा आला असावा. माझे हिरव्या साडीचे वाक्य पहिलेच होते, त्यामुळे संपर्काच्या निकषावर ते कुठल्याच रकान्यात बसले नसते.

दुसरा प्रवाह कंपन्यांना धारेवर धरणारा. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांना कायदा ‘मध्यस्थ’ म्हणतो, म्हणजे भिंत त्यांची, लिहिणारे आपण. २०२१ च्या नियमांत खाजगी किंवा बनावट नग्न चित्र तक्रार आल्यापासून २४ तासांत काढण्याची मुदत घातली गेली, ते चांगलेच झाले. शिव्या ओळखण्याचे काम कंपन्या यंत्रावर सोपवतात आणि यंत्राला मराठी शिकवावी लागते. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये २५ हजारांवर मराठी ट्वीट गोळा करून, द्वेष कोणता, अपमान कोणता, शिवी कोणती, अशा चिठ्ठ्या लावून असा साठा तयार केला. मोठे काम आहे. पण घुग्घुसच्या ग्रुपवर “काल रात्री उशिरापर्यंत लाइट दिसला” असे एक वाक्य पडते आणि एक शिक्षिका ग्रुप सोडते, तेव्हा यंत्राने कशावर बोट ठेवायचे? गावात छळणारा अनोळखी नसतो. त्याला शिवी द्यावी लागत नाही, तो फक्त आपण पाहतो आहोत एवढे कळवतो. शहरात लिहिल्या गेलेल्या संशोधनात हा प्रकार मला फार थोडा सापडला. या संग्रहात तो पानोपानी आहे.

तिसऱ्या प्रवाहाने माझे मत बदलले, म्हणून त्यावर थोडी थांबते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकाने मुंबईच्या रस्त्यांबद्दल एक वेगळाच हक्क मागितला: काम नसताना रेंगाळण्याचा, धोका पत्करण्याचा. बाई घरी बसली म्हणून सुरक्षित राहिली, तर तो तिचा विजय नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मुंबईच्याच ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’सारख्या संस्थांनी हा विचार इंटरनेटवर नेला. चित्र अश्लील आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. ते पसरवायला तिची संमती होती का, हे विचारा. अश्लीलतेच्या कायद्याने पाहिले तर नवऱ्याला स्वतःचा फोटो पाठवणारी बाईही गुन्हेगाराच्या शेजारी उभी राहते. संमतीच्या नजरेने पाहिले तर फोटो पुढे ढकलणारा एकटाच आरोपी उरतो. हे वाचले आणि मला माझा काढलेला फोटो आठवला. संमती मी टाकण्यापुरती समजले होते.

चौथा प्रवाह म्हणतो, ‘बाई’ म्हणून एकच कोणी नसते. हे महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती, आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तरीही स्त्रियांच्या छळाची चर्चा निघाली की सवर्ण, शहरी, इंग्रजी बोलणारी बाई डोळ्यांसमोर येते. अ‍ॅम्नेस्टीने २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ९५ राजकारणी महिलांना उद्देशून केलेली ट्वीट तपासली. साधारण दर सातातले एक छळाचे निघाले, आणि मुस्लीम व वंचित जातींतल्या महिलांच्या वाट्याला धर्म आणि जात मिसळलेली शिवी जास्त आली. १ जानेवारी २०२२ ला बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लीम बायकांचे फोटो ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर लिलावाला लावले गेले. मुंबईच्या सायबर पोलिसांनी पकडलेले आरोपी कोवळ्या वयाचे होते. एक मुलगी होती. बायकांवर बायका तुटून पडत नाहीत, असा ज्यांचा समज आहे त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मी स्वतः तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी उभी आहे. पण रात्री अकरा वाजता इनबॉक्समध्ये वाक्य येते तेव्हा सिद्धांत सुचत नाही, ठाणे आठवते. म्हणून ठाण्याबद्दल दोन कामाच्या गोष्टी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांच्या चित्रांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते. आणि हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरता येतो, तशी तरतूद आहे. मोबाइलमधल्या पुराव्याची प्रत न्यायालयात प्रमाणपत्रासह द्यावी लागते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्के केले. घरात मात्र असे काही घडले की पहिले काम काय होते? मोबाइल हिसकावला जातो, फोडला जातो, सिम मोडले जाते. घरच्यांनी अब्रू वाचवली असे त्यांना वाटते, आणि पुरावा आरोपीच्या आधी फरार होतो.

आत्ताच हे पुस्तक का, असे एका प्रकाशकाने संपादिकांना विचारले होते म्हणे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले हे सगळे सांगतात. कमी सांगितले जाते ते असे, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते आणि पुरुषांपैकी ५७.१ टक्के. म्हणजे चौकात आधीच पुरुष जास्त, आणि आलेल्या बाईला ‘घरी जा’ सांगणारेही तेच. काहींना तर घरी जाण्याची सोयच नाही. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजने आणि आहार मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरावे लागतात, आशाताईंचा नंबर साऱ्या गावाकडे असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा राखीव झाल्यापासून सदस्यबाईंचा नंबर तर फलकावर असतो. त्यांना ‘मोबाइल बंद ठेवा’ म्हणणे म्हणजे नोकरी सोडा, पद सोडा म्हणणे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायका बोलायला घाबरतात असेही कोणी समजू नये: दारूबंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत त्या पायी गेल्या होत्या. रस्त्यावर घोषणा देणारी बाई पडद्यावर चार ओळी लिहायला कचरते, याचे कारण भित्रेपणा नसावे. मोर्चात बाजूला शंभर जणी असतात. कमेंटखाली ती एकटी असते.

त्यात आता चेहरा बदलणारी यंत्रे आली. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांच्या चेहऱ्याची बनावट अश्लील चित्रफीत २०१८ मध्येच पसरवली गेली होती. तेव्हा त्याला थोडे तरी कसब लागत होते, आज कॉलेजच्या मागच्या बाकावर ते होते. युनेस्कोने २०२० मध्ये जगभरातल्या महिला पत्रकारांची पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचे सांगितले, आणि ३० टक्के जणींनी त्यामुळे समाजमाध्यमांवर आपणच आपल्या लिहिण्याला कात्री लावल्याचे. या दुसऱ्या आकड्यात मला ताराबाई दिसतात.

या संग्रहात घुग्घुस, वणी, बल्लारपूर, राजुरा, वडसा इथल्या बायकांनी लिहिले आहे. काही लेखिका सराईत नाहीत, हे लगेच कळेल. संपादिकांनी त्यांची भाषा धुऊन प्रमाण मराठीच्या दोरीवर वाळत घातली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. एका मुद्द्यावर आमचे पटले नाही. आलेल्या शिव्या जशाच्या तशा छापाव्यात की फुल्या टाकाव्यात? मी फुल्यांच्या बाजूने होते. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक जावे असे मला वाटत होते. त्या म्हणाल्या, फुल्या टाकल्या की वाचणारा आपल्या मनातली सौम्य शिवी तिथे भरतो. शिव्या छापल्या आहेत. अजूनही मला ते जड जाते, पण आता त्यांची बाजू मला समजते. एक लेख एका तरुणाचा आहे, जो दोन वर्षे दुसऱ्याच्या नावाने खाते चालवून कमेंट लिहीत होता. त्याला जागा द्यावी का यावर लेखिकांतच दोन तट पडले. तो माफी मागत नाही. का लिहीत होतो ते सांगतो, आणि कारण इतके क्षुल्लक आहे की वाचताना रागही नीट येत नाही.

या पुस्तकाकडून उपायांची यादी अपेक्षित असेल तर निराशा होईल. शहरातले जाणकार गावाला समजावून सांगताहेत असा सूरही येथे सापडणार नाही. ज्यांना ‘काढून टाक’ सांगितले गेले त्यांनी काय काढले, काय ठेवले आणि त्यानंतर त्या गावात कशा वावरल्या, एवढेच त्यांनी आपल्या शब्दांत मांडले आहे. वाचणाऱ्यांत दीर, भाऊ, नवरे असतील तर त्यांना एक विनंती आहे. घरातल्या बाईला असा संदेश आला तर तिचा मोबाइल हातात घेण्याआधी तिला विचारा, तुला काय करायचे आहे?

अनुक्रमणिकेत सातव्या क्रमांकापुढे लेखाचे नाव आहे, पान क्रमांक नाही. तो लेख लिहून झाला होता, जुळणी झाली होती, मुद्रिते मी स्वतः वाचली होती. छपाईच्या आठ दिवस आधी लेखिकेने तो मागे घेतला. कारण तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तिची पाने कोरी ठेवली आहेत.

घुग्घुस, जि. चंद्रपूर